खाडी गोड करणारा माणूस

आमच्या जिल्ह्यात लोकसभेची पोटनिवडणूक लागली आहे, हे मला वर्तमानपत्रानं सांगितलं नाही, माझ्या मांडीनं सांगितलं. सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या घरून पाया लेबारला कामावर निघालो होतो. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्या बसल्या खिशातला फोन असा तापला, की वर पीठ ओतलं असतं तर आंबोळी निघाली असती, आणि उलटायची गरज पडली नसती. शेजारची चिनी आजी दोन इंच सरकून बसली. बाहेर काढून बघतो तर गावाच्या ग्रुपवर निरोपांचा डोंगर. झेंडे, जोडलेले हात, गुलाल, 'आपला माणूस, हक्काचा माणूस', आणि एका चित्रफितीत तर उमेदवार चालत्या ट्रॅक्टरवरून थेट माझ्याच अंगावर येत होता.

मी श्वास रोखून सगळे निरोप वर सारत गेलो. शेवटपर्यंत. मग पुन्हा एकदा खालून वर. माझं नाव कुठं नव्हतं. माझा फोटो नव्हता. मुख्य म्हणजे माझा आवाज नव्हता. तेव्हा जो सुस्कारा सोडला, त्यानं डब्याच्या काचेवर धुकं धरलं असावं, कारण पुढचं स्टेशन मला दिसलंच नाही आणि मी एक स्टेशन पुढं जाऊन उतरलो.

यादीत आपलं नाव नाही याचा आनंद माणसाला आयुष्यात दोन-तीनदाच मिळतो. शाळेत छड्या खाणाऱ्यांची यादी लागायची तेव्हा एकदा मिळाला होता. त्यानंतर हा.

सिंगापुरात हवेवरून ऋतू ओळखता येत नाही. बारा महिने एकच हवा, गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं तोंडावर टाकल्यासारखी. ऋतू कळतात ते फोनवरून. आंब्याच्या पेट्यांचे फोटो आले की मे. मखरांचे आले की भाद्रपद. चकल्या तुटल्याची रडगाणी आली की दिवाळी. आणि मधूनच, पंचांगात नसलेला, कुणाला न विचारता येणारा मोसम म्हणजे निवडणूक. इथल्याही निवडणुका मी पाहिल्या आहेत. दिव्यांच्या खांबांवर पोस्टरं अशी ओळीत लागतात, की जणू फूटपट्टी लावून टांगली आहेत. थोडे दिवस प्रचार, आणि मतदानाचा आदला दिवस सक्तीच्या मौनाचा. आमच्या गावात असा मौनाचा दिवस ठेवायचा तर आधी दवाखान्यात खाटा वाढवाव्या लागतील. माणसं आतल्या आत फुटतील.

मला इथं मत नाही, कारण मी पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, पण नागरिक नाही. तिथंही नाही, कारण मतदानाला तिथं हजर असावं लागतं आणि मी नेमका तेव्हा कुठल्यातरी जहाजाच्या पोटात पंप उघडून बसलेला असतो. दोन्हीकडे मत नाही असा माणूस. पण देवानं एका हातानं मत काढून घेतलं आणि दुसऱ्या हातानं गळा दिला. या गळ्यानंच मागच्या एका निवडणुकीच्या मोसमात घात केला.

आमचं गाव खाडीकाठचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर गाव माझ्यावर दावा ठोकेल, आणि नाही सांगितलं तरी खाडीकाठचं प्रत्येक गाव म्हणेल, हे आमचंच. घराघरातून एक तरी माणूस जहाजावर. जहाजी सुट्टीवर आला की पहिल्याच संध्याकाळी त्यानं जेटीच्या कट्ट्यावर हजेरी लावायची आणि गोष्ट सांगायची, ही रीत. न सांगणाऱ्याला घमेंडखोर म्हणतात. आणि कट्ट्याचा दुसरा नियम असा, की जहाजीच्या गोष्टीला चारानं भागायचं. मी साठ फुटांची लाट सांगितली की ते पंधरा फूट ऐकत. कप्तानाला मी शिकवलं म्हटलं की ते समजून घेत, कप्तानानं याला कधीतरी चहा पाजला असेल. ते भागणार हे ठाऊक असल्यामुळे मी आधीच चारानं गुणून सांगायचो. कुणाची फसवणूक नाही, सगळ्यांची करमणूक.

अशाच एका सुट्टीत मी सांगून ठेवलं होतं, की अख्खं सिंगापूर समुद्राचं पाणी गोडं करून पितं आणि त्याचा मुख्य कॉक माझ्या हातात आहे. सकाळी मी उठायला उशीर केला तर पंतप्रधान पारोसे राहतात. यातलं सिंगापुरात समुद्राचं पाणी गोडं करतात एवढं खरं. पुढचं चारानं भागा नाहीतर चाळिसानं भागा, बाकी शून्य. मी जहाजावर होतो तेव्हा इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करणारं एक यंत्र माझ्याकडे होतं, हे मात्र शपथेवर खरं. जहाज सोडल्याला आता बरीच वर्षं झाली. इथल्या एका वर्कशॉपमध्ये मी जहाजांचे पंप दुरुस्त करतो. कट्ट्याच्या भाषेत, सिंगापूरचं बंदर सांभाळतो.

तर त्या वर्षी राज्यभर नगरपालिका आणि नगरपंचायतींच्या निवडणुका एकदम लागल्या. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा. गावात सात भावी नगराध्यक्ष आधीच फिरत होते. सातही जणांचे वाढदिवस त्या वर्षी दोन-दोनदा झाले. मग आरक्षणाची सोडत निघाली आणि चिठ्ठीवर आलं, महिला. सातही जण घरी गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी बायकोला नीट विचारलं, "तुझं संपूर्ण नाव काय गं?"

आठवा अर्ज आमच्या वहिनीचा. तो मात्र तिनं स्वतः, स्वतःच्या नावाचा, स्वतःच्या अक्षरात भरला. अपक्ष. चिन्ह मिळालं कपबशी.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होती. गावातलं प्रत्येक ढुंगण तिनं सुई टोचताना पाहिलेलं आहे, त्यामुळे गावात तिच्यासमोर कुणी मोठेपणा मिरवत नाही. दुसऱ्या सिस्टर सुई देताना म्हणत, मुंगी चावल्यासारखं वाटेल हं. वहिनी म्हणायची, "दुखेल. ओरडायचं तर ओरड, हलू नको." पोरं रडायची आणि पुढच्या वेळी आईला सांगायची, त्याच सिस्टरकडे जाऊ. ती निवृत्त झाली तेव्हा वरच्या वाडीतल्या बायकांनी तिला साडी दिली, आणि निवडणूक लागली तेव्हा त्याच बायका दारात येऊन बसल्या की तूच उभी राहा.

मला ही बातमी पाया लेबारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवताना कळली. समोर चिकन राइस, वर पंखा, आणि माझी छाती अशी फुगली की शर्टाचं एक बटण उडून शेजारच्याच्या सूपमध्ये पडलं. त्याच भरात मी घरच्या ग्रुपवर एक निरोप बोलून पाठवला. शब्द न् शब्द आठवतो, कारण पुढं तो मला हजार वेळा ऐकवला गेला:

"वहिनी, तुम्ही फक्त निवडून या! तुम्ही खुर्चीत बसलात की तुमचा हा दीर सिंगापूरहून यंत्र घेऊन निघालाच म्हणून समजा. आख्खी खाडी गोड करून टाकतो! उन्हाळ्याच्या आत घरोघर नळाला पाणी नाही, नारळपाणी आलं नाही तर नाव बदलीन!"

बायकोनं संध्याकाळी तो ऐकला. सुधा पुण्याची, तिला माझ्या गोष्टी भागायला चार पुरत नाही, ती दशांश चिन्हापर्यंत जाते. म्हणाली, "हे घरच्याच ग्रुपवर टाकलंयस ना?"

"मग! घरातली गंमत."

"तुमच्या घराला भिंती आहेत का?"

नव्हत्या. दादानं कौतुकानं तो निरोप तिघांना पाठवला. तिघांनी तिसांना. तिसऱ्या दिवशी प्रचाराच्या रिक्षावर कर्ण्यातून माझा आवाज गावभर फिरत होता, आणि रिक्षावाल्यानं मागं सनई घातली होती. पाचव्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स लागला. मी बॉयलर सूटमध्ये, मागं सिंगापूरच्या उंच इमारती, खाली लाल अक्षरांत 'खाडी गोड करणारा आपला माणूस'. फ्लेक्सवर माझं तोंड इतकं मोठं होतं, की डाव्या नाकपुडीत कावळ्यानं घरटं केलं, असं दादा सांगतो. फ्लेक्स कुणी लावला हे दादा अजून सांगत नाही.

खोटं कशाला बोलू, मला आवडलं ते. या गावात, म्हणजे सिंगापुरात, मला वर्कशॉपच्या रखवालदाराशिवाय कुणी ओळखत नाही, आणि तोही माझ्या पासवरचा फोटो रोज नव्यानं तपासतो. तिकडे मी नाक्यावर वीस फूट उंच उभा! त्या आठवड्यात मी टॅम्पिनीसच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावरून असा उतरायचो, की जणू खाली हार घेऊन माणसं उभी आहेत. लेक ईशा फ्लेक्सचा फोटो बघून इथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीत म्हणाली, "पपा, धिस इज नॉट यू लाह." मी म्हटलं, "अगं, मीच आहे, नाक बघ." ती म्हणाली, "नाक ओके. बाकीचं नॉट यू."

गजभियेनं ते जरा वेगळ्या शब्दांत सांगितलं. गजभिये नागपूरकडचा, बुओना व्हिस्टाला एका प्रयोगशाळेत पाणी गाळण्याच्या पापुद्र्यांवर संशोधन करतो. म्हणजे मी कट्ट्यावर जे असल्याचं सांगतो, ते तो खरोखर आहे, आणि कुणाला सांगत नाही. महिन्यातून एकदा आम्ही हॉकरमध्ये जेवतो. मी अगदी सहज विचारावं तसं विचारलं,

"गजभिये, एक खाडी गोडी करायला केवढं यंत्र लागेल हो?"

तो फिश सूप पीत होता. "कितीशी खाडी?"

"लहानच. होडीनं दहा मिनिटांत पलीकडे."

"भरती येते?"

"येते की. दिवसातून दोनदा."

"म्हणजे तुम्ही गोडी करणार, अन् समुद्र येऊन खारी करून जाणार. दिवसातून दोनदा." त्यानं चमचा खाली ठेवला. "भाऊ, कोणाला सांगून राहिले तुम्ही हे?"

"कुणाला नाही. घरगुती गप्पा आपल्या."

नेमका तेव्हाच टेबलावरचा फोन वाजला आणि दादानं पाठवलेली चित्रफीत सुरू झाली. कर्णा, सनई, माझा आवाज, मागं शंभरेक माणसांच्या टाळ्या. गजभियेनं ती शेवटपर्यंत ऐकली.

"घर मोठं दिसते तुमचं," तो म्हणाला, आणि सूप प्यायला लागला.

वहिनीचा फोन आला तो दुसऱ्याच दिवशी, सकाळच्या चहाच्या सुट्टीत. इथं आधी दोन वाक्यं सांगायला हवीत. आमच्या गावाच्या वरच्या वाडीत नळ आहेत, पाणी नाही. वाडी जगते दोन विहिरींवर आणि विहिरी जगतात पऱ्ह्यावर, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यावर. पाऊस संपून पऱ्ह्याची धार बारीक व्हायला लागली, की वाडीतल्या बायका रिकाम्या गोण्यांत माती भरतात आणि त्या रचून पऱ्ह्याला आडवा बांध घालतात. पाणी अडतं, जमिनीत मुरतं, विहिरींना मे महिन्यापर्यंत पाझर राहतो. पण हे दिवाळीनंतरच्या थोड्या दिवसांतच करावं लागतं. धार आटली की मग अडवायचं काय? ज्या वर्षी बांध पडत नाही, त्या वर्षी शिमग्यापासूनच हंडे घेऊन उतरण उतरायची आणि भरल्या हंड्यांनी ती चढायची. हे मी लहानपणी आईच्या मागून चालत पाहिलं आहे. त्यात चारानं भागण्यासारखं काही नाही.

"भाऊजी, चहा झाला?" वहिनीनं विचारलं.

"हातातच आहे. काय म्हणतो प्रचार? मी ऐकतोय रोज!"

"तुम्ही तुम्हालाच ऐकताय. आज मी वरच्या वाडीत गेले होते. बांध घातलेला नाही."

"का? दिवाळी होऊन इतके दिवस झाले."

"वाडीतल्या पार्वतीकाकू म्हणाल्या, यंदा कंबर कशाला मोडून घ्यायची? तुझा दीर मशीन आणतोय ना."

मी हसलो. खरंच हसलो. मग पलीकडे कुणी हसत नाहीये हे लक्षात आलं.

"अहो वहिनी, माझं सगळ्यांना माहीत आहे. माझ्या गोष्टी चारानं भागतात लोक."

"भागलं त्यांनी. काकू काय म्हणाल्या सांगू? 'थापाड्या आहे तो, आम्हाला काय ठाऊक नाही? पण चौथा हिस्सा मशीन आलं तरी वाडीपुरतं बास झालं.'"

माझ्या हातातला चहा थंड झाला की मीच, सांगता येत नाही. इतकी वर्षं मी समजत होतो, की भागाकार करणारे लोक सुरक्षित असतात. पण थाप एका मापाच्या पुढं गेली, की तिचा चौथा हिस्सासुद्धा एखाद्याचा उन्हाळा बुडवायला पुरतो.

"रविवारी सकाळी वाडीत बसायचं ठरलंय," वहिनी म्हणाली. "तुम्ही फोनवर यायचं आणि खरं सांगायचं."

"वहिनी, मतदान तोंडावर आलंय. चार दिवस कळ काढा. निवडून या, मग सावकाश सांगू."

"पऱ्ह्याची धार चार दिवस कळ काढेल का?"

"मतं जातील हो तुमची."

"जातील."

"मग तुम्हीच सांगा ना, दिरानं चेष्टा केली म्हणून."

"मी सांगितलं तर म्हणतील, उगाच विनय करते. गाठ ज्यानं मारली त्यानं सोडवायची. रविवारी, आमच्या नवाला." आणि फोन ठेवता ठेवता, "नारळपाणी कुठून सुचलं हो तुम्हाला?"

दोन दिवस मी शब्द जुळवत होतो. खरं बोलायची सवय नसली की त्यालाही तालीम लागते. पंप उघडताना, एमआरटीत, लिफ्टमध्ये. 'तांत्रिक अडचणींमुळे यंत्र येण्यास विलंब' असा एक मसुदा केला. 'सिंगापूर सरकारनं माझ्याशिवाय बंदर चालणार नाही असं कळवलं आहे' असा दुसरा. हा मला फार आवडला होता. सुधानं दोन्ही ऐकले, भाजी चिरत राहिली, आणि म्हणाली, "तुझ्या वहिनीनं कधी म्हटलं का, मुंगी चावेल?" ईशानं हेडफोन काढून एवढंच विचारलं, "जस्ट से सॉरी लाह, पपा. व्हाय सो हार्ड?" आता सोळा वर्षांच्या मुलीला कसं सांगणार, की बाई गं, हा फ्लेक्स उतरला की तुझा बाप पुन्हा साडेपाच फुटांचा होतो.

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. वहिनीनं फोन देवळाच्या ओट्यावर एका नारळाला टेकवून ठेवला होता. समोर वाडीतल्या बायका, पदर खोचलेल्या, काही पोरं कडेवर घेऊन. पुढं पार्वतीकाकू. वहिनी मागं, भिंतीला टेकून.

"वाडीतल्या माझ्या तमाम माता-भगिनींनो," मी सुरुवात केली.

"भाषण ठेव बाजूला," काकू म्हणाल्या. "मशीन कधी येतंय ते बोल."

मसुदे दोन्ही पळून गेले. मी फोन उचलून स्वयंपाकघरात गेलो. ओट्याशी उभा राहिलो आणि त्यांना नळ दाखवला. नळ फिरवला. पाणी आलं.

"काकू, हे सिंगापूरचं पाणी. यातलं काही समुद्राचं आहे, गोडं केलेलं. ते करणारे लोक वेगळे. फार शिकलेले. मी फक्त नळ फिरवतो."

"मग ते बंदर?"

"बंदर सांभाळणारेही वेगळे. मी पंप दुरुस्त करतो. बेअरिंग बदलतो, सील बदलतो. हात काळे होतात, ते संध्याकाळी या पाण्यानं धुतो."

"आणि जहाजावर यंत्र होतं म्हणालास ते?"

"ते होतं. ते खरं. पण बावीस माणसांपुरतं. तेही जहाजाचं इंजिन चालू असेल तरच."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे वाडीत आधी जहाज चढवायला लागेल गो!" बायका फिसकन हसल्या. काकू हसल्या नाहीत. मी नळ बंद केला.

"मशीन येणार नाही, काकू. चौथा हिस्साही नाही. स्क्रूसुद्धा नाही. माझं चुकलं."

मग काकूंनी तोंड फोनच्या इतक्या जवळ आणलं, की पडद्यावर नुसती नथ दिसायला लागली.

"मेल्या, तुझ्या आईनं हंडे वाहिलेत रे या घाटीनं. तिच्या पोरानं असं करावं?" नथ मागं गेली. "चला गं. फावडी घ्या. याच्या तोंडाकडे बघून पाणी अडायचं नाही."

आणि बायका उठून गेल्या. वहिनीही त्यांच्या मागून गेली. फोन बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी टॅम्पिनीसच्या दहाव्या मजल्यावर, स्वयंपाकघरात, देवळाचा मोकळा ओटा बघत उभा. एक कोंबडी आली, नारळाला टोच मारली, माझ्याकडे एका डोळ्यानं बघितलं आणि निघून गेली. फोन ठेवावा असं मला वाटेना. सुधा येऊन शेजारी उभी राहिली. बऱ्याच वेळानं लांबून आवाज यायला लागला, फावड्याचा, मातीत जाणारा. एक. मग दुसरा. मग इतके की मोजता येईनात. सुधानं माझ्या दंडावर हात ठेवला.

अर्थात गावात एक माणूस हुशार असतोच. कुणीतरी माझं बोलणं टिपून घेतलं होतं. दुपारपर्यंत समोरच्या उमेदवाराच्या रिक्षावर कर्णा लागला. 'मी फक्त नळ फिरवतो, मी फक्त नळ फिरवतो', चाळीस वेळा, आणि मागं तीच सनई. रिक्षावालाही तोच.

मतमोजणीच्या दिवशी तिकडे सकाळचे दहा म्हणजे इकडे साडेबारा. ऐन जेवणाची वेळ. गजभिये बुओना व्हिस्टाहून मुद्दाम आला. दादा फोनवरून फेऱ्या ओरडत होता आणि मी ओरडून गजभियेला सांगत होतो, त्याला शेजारीच ऐकू येत असताना. पहिल्या फेरीत कपबशी पुढं. दुसरीत मागं. तिसरीत बरोबरीला. शेजारच्या टेबलावरच्या दोन आज्यांनी खाणं थांबवून आमच्याकडे बघायला सुरुवात केली. त्यांना वाटलं असणार, घोड्यांची शर्यत आहे.

वहिनी हरली. थोडक्यात हरली. आकडा सांगत नाही, कारण मी सांगितलेल्या आकड्यावर आता कुणी विश्वास ठेवणार नाही. वरच्या वाडीच्या केंद्रावर जवळजवळ सगळी मतं कपबशीला होती. मार बसला तो बाजारपेठेत आणि जेटीकडे. जेटीच्या कट्ट्यावरचा माझा एक जुना दोस्त पुढं तोंडावर म्हणाला, "इतकी वर्षं आम्ही तुझं ऐकलं ते खरं ऐकायला होय? त्या दिवशी मनच उडालं."

गजभिये उठून दोन कोपी, म्हणजे इथली गोड कॉफी, घेऊन आला, एक माझ्यासमोर ठेवली. मी प्यायलो नाही. वहिनीला फोन लावायला माझं बोट धजेना. शेवटी तिचाच आला.

"भाऊजी, कळलं ना?"

"वहिनी, माझ्यामुळे..."

"थोडं तुमच्यामुळे," ती म्हणाली. वहिनीच ती. "थोडं समोरच्यांच्या जेवणावळींमुळे. थोडं माझंही चुकलं, पेठेत मी कमी फिरले."

"वाईट वाटलं का हो फार?"

"वाटलं. आताच रडून झालं. तुमच्या दादांचं अजून चाललंय." मग म्हणाली, "पण एक सांगू? आता झोपणार आहे. महिनाभर डोळा लागला नव्हता, छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. त्या मशीनवर निवडून आले असते तर पाच वर्षं रोज सकाळी दार उघडायची भीती वाटली असती. आता उघडीन तेव्हा कुणाचं देणं नाही."

ती झोपली असेल. मी ती कोपी प्यायलो, मग गजभियेचीही प्यायलो. हरल्यावर असं हलकं वाटतं याची मला लाज वाटली, आणि लाज वाटूनही हलकं वाटायचं थांबलं नाही. आजही ते दोन्ही एकत्रच आठवतं. नाक्यावरचा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरला, आणि तो कुणीतरी गोठ्यावर घातला, पावसासाठी. गाईंच्या डोक्यावर मी अजून सिंगापूरच्या इमारतींपुढं उभा आहे.

परवा या पोटनिवडणुकीतल्या एका उमेदवाराच्या माणसानं मला फोन केलाच. म्हणाला, सिंगापूरहून दोन शब्द पाठवा, तुमचा आवाज फार चालतो म्हणतात. मी म्हटलं, पाठवतो, 'मी पंप दुरुस्त करतो.' म्हणाला, आणखी काही? म्हटलं, नाही, एवढंच. त्यानं फोन ठेवला. मी बेअरिंगला ग्रीस लावायला घेतलं.

पण माझ्यापुरता वहिनीच्या निवडणुकीचा मोसम निकालाच्या दिवशी संपला नव्हता. तो संपला त्यानंतरच्या मार्चात. हॉकरमध्ये एकटाच जेवत होतो. वहिनीच्या फोनवरून व्हिडिओ आला, उचलला तर समोर नथ.

"काय करतोस?" पार्वतीकाकू.

"जेवतोय, काकू."

"जेव. आणि बघ."

"काय बघू?"

चित्र गरगरलं. आकाश, माडाचा शेंडा, वहिनीचं मनगट, वेताच्या परडीची वीण. मग मला उमगलं, की यांनी मला परडीत घातलंय आणि दोराला बांधलंय. मी वाडीच्या विहिरीत उतरायला लागलो. पाया लेबारच्या भर दुपारी, हातात चमचा धरून. दगडाचे थर एकेक करून वर जाऊ लागले, मग शेवाळ, मग भिंतीतून फुटलेलं पिंपळाचं रोप. एक पारवा फडफडून निघून गेला. उजेड हिरवा झाला, गार झाला. मला खरोखर गार लागलं, शपथ घेतो. रेंज कशी गेली नाही हे मी आजतागायत कुणाला पटवू शकलेलो नाही.

आणि मग परडी थांबली. खाली, हातभरावर, पाणी. मार्चातलं पाणी, काळं, गच्च, जरासं हलणारं. वर बघितलं तर आभाळाचा गोल वाटीएवढा, आणि काठावर सगळीकडून वाकलेली डोकी. कुणाचे चेहरे दिसत नव्हते. नुसत्या काळ्या आकृती, आणि बांगड्यांचा आवाज.

"दिसलं का रे?" वरून काकू ओरडल्या.

"दिसलं," मी म्हटलं.

विहिरीनं ते तीनदा म्हटलं. मग वर कुणीतरी दोर ओढायला घेतला.